तांदळाच्या पोत्याने धर्म विकत मिळतो काय?



आमच्या ऑफिससमोरच्या इमारतीत रात्रपाळीला एक नेपाळी रखवालदार असतो. सगळे त्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारतात. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक नेपाळी माणसाचे नाव आपण परस्पर बहादूर ठरवून टाकले आहे. मार्चअखेरीचे हिशेब जुळवताना मला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. अशाच एका रात्री कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेताना मी सवयीने त्याला ‘जयभीम’ केला. त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, ‘जय मसीह, साहेब.’

मी चमकलो. नेपाळ म्हणजे पशुपतिनाथाचा देश. २००६ सालापर्यंत ते जाहीर हिंदू राष्ट्र होते. तिथला माणूस मसीहाचे नाव कसे घेतो? मी म्हटले, ‘साहेब म्हणू नका. तुमच्याकडे थोरल्या भावाला काय म्हणतात?’ ‘दाजू,’ तो म्हणाला. माझ्याहून तो चार-पाच वर्षांनी मोठा. तेव्हापासून ते माझे दाजू झाले आणि मी त्यांचा भाई.

दाजू पाल्पा जिल्ह्यातले. जात कामी, म्हणजे लोहार. नेपाळच्या डोंगरात कामी, सार्की म्हणजे चांभार आणि दमाई म्हणजे शिंपी, हे सगळे अस्पृश्य. दाजूंचे वडील गावाचे विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवीत आणि गाव त्यांना वर्षाकाठी धान्य देई. त्याला तिकडे बाली म्हणतात. मी म्हटले, ‘दाजू, हे तर आमचे बलुते!’

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ही हकीकत सांगितली. एक सहकारी डबा उघडता उघडता म्हणाले, ‘अहो, हे तांदळाचे ख्रिश्चन! पोतं दिलं की धर्म बदलतात. उद्या दुसऱ्यानं दोन पोती दिली की तिकडे जातील.’ सगळे हसले. माझ्या मात्र घशाखाली घास उतरेना. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. फक्त त्यात तांदळाच्या जागी ‘सवलती’ हा शब्द असे. माझ्या आजोबांच्या दीक्षेची किंमत लोकांनी अशीच ठरवली होती.

मी बी.कॉम. झालेला माणूस. कोणी आरोप केला की रागावण्याआधी खतावणी उघडून बघायची सवय लागली आहे. म्हणून नेपाळातल्या ख्रिस्ती मिशनचा आणि तिथल्या मंडळ्यांचा हिशेब मी जमेल तसा वाचून काढला. मंडळी हा त्यांचा शब्द. गावोगावी श्रद्धावंतांचा गट उभा करायचा, यालाच मिशनचे लोक चर्च रोवणे म्हणतात. आणि नुसती प्रार्थना न करता दवाखाना, शाळा, पाणी, रोजगार असा सगळा माणूस हाती धरायचा, ही त्यांची समग्र सेवा. या दोन गोष्टी नेपाळात कशा चालल्या, ते आज पाहू.

बंद दरवाजा

इटलीकडचे कापुचिन पाद्री १७१५ सालीच काठमांडूच्या खोऱ्यात पोहोचले होते. पुढे पृथ्वीनारायण शहाने खोरे जिंकले आणि १७६९ साली पाद्री व त्यांच्याबरोबरचे मूठभर नेवार ख्रिस्ती यांना देश सोडावा लागला. ते बिहारमधल्या बेतियाकडे येऊन राहिले. त्यानंतर पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षे नेपाळचा दरवाजा मिशनऱ्यांना बंद होता.

पण दाराबाहेर काम चालू होते. मजुरीसाठी, पलटणीसाठी नेपाळी माणूस दार्जिलिंग-कालिम्पाँगला येई. तिथे काही नेपाळी ख्रिस्ती झाले. काठमांडूत जन्मलेले गंगाप्रसाद प्रधान त्यांपैकीच. त्यांनी छापखाना चालवला, नेपाळी वृत्तपत्र काढले आणि बायबल नेपाळीत आणण्यासाठी उभी हयात वेचली. संपूर्ण नेपाळी बायबल १९१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास हे गृहस्थ आपला सगळा कबिला घेऊन काठमांडूला परतले, तर राणा सरकारने त्यांना माघारी पाठवले. या देशात ख्रिस्त्यांना जागा नाही, असे सांगून.

हे फक्त ख्रिस्त्यांच्याच वाट्याला आले, असे समजू नका. ज्या नेपाळात लुंबिनी आहे, त्याच नेपाळातून १९४४ साली आठ बौद्ध भिक्खूंना हद्दपार करण्यात आले. धम्माचा उपदेश करू नये, म्हणून त्यांच्याकडून कागद लिहून मागितला होता. त्यांनी सही केली नाही. चालते झाले, सारनाथला आले आणि तिथे त्यांनी ‘धर्मोदय सभा’ स्थापन केली. म्हणजे अडचण येशूची नव्हती आणि बुद्धाचीही नव्हती. माणसाने जन्माने मिळालेली जागा सोडून उठावे, हीच राज्यकर्त्यांची अडचण होती. ती जागा जंगबहादूर राणाच्या १८५४ च्या ‘मुलुकी ऐन’ या कायद्याने लिहूनच ठेवली होती. कोणाचे पाणी चालते, कोणाचे चालत नाही आणि कोणाला शिवल्यावर अंगावर पाणी शिंपडावे लागते, हे सगळे त्यात कलमवार आहे. आपल्याकडे जे स्मृतीत होते, ते तिकडे सरकारी कायद्यात होते.

नागपूरची एक बैठक

१९५१ साली राणाशाही गेली. तेव्हा देशात शंभरात पाच-सहा माणसांना अक्षरओळख होती. बहुतेक डोंगराळ जिल्ह्यांत डॉक्टर म्हणून कोणी नव्हता.

१९४९ साली रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे अमेरिकन शिक्षक पक्ष्यांचा अभ्यास करायला परवानगी काढून तानसेनकडे गेले होते. हे तानसेन म्हणजे दाजूंच्या पाल्पा जिल्ह्याचे मुख्य गाव. १९५१-५२ च्या हिवाळ्यात ते पुन्हा गेले, तेव्हा बरोबर डॉक्टर होते. पक्षी राहिले बाजूला, रोग्यांची रीघ लागली. गावकऱ्यांनीच मागणी केली, इथे दवाखाना काढा. अर्ज गेला, १९५३ साली परवानगीचे पत्र आले. खर्च मिशनने करायचा, नेपाळी माणसे तयार करायची, अशा अटी होत्या. मग वेगवेगळ्या देशांच्या मिशन संस्था एकत्र बसल्या आणि त्यांनी एक संयुक्त संस्था स्थापन केली. पुढे ती ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ या नावाने ओळखली गेली. ही बैठक कुठे झाली? आपल्या नागपुरात, ५ मार्च १९५४ रोजी! त्यानंतर अडीच वर्षांनी याच नागपुरात आपले आजी-आजोबा पांढरी वस्त्रे नेसून दीक्षाभूमीवर उभे राहिले.

त्याआधी १९५२ च्या नोव्हेंबरात दुसरा एक गट डोंगर चढून पोखऱ्याला पोहोचला होता. डॉ. लिली ओ’हॅनलन आणि हिल्डा स्टील या दोन ब्रिटिश बायका १९३६ पासून सीमेवरच्या नौतनवा गावात दवाखाना चालवून दरवाजा उघडायची वाट पाहत होत्या. सोळा वर्षे! पोखऱ्यात त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या खोपट्यांत दवाखाना थाटला. उन्हात तो लांबून चकाके, म्हणून लोक त्याला चमकणारा दवाखाना म्हणू लागले. १९५७ पासून तिथेच कुष्ठरोग्यांसाठी वेगळे काम सुरू झाले. ज्यांना घरच्यांनीही टाकले होते, त्यांच्या जखमा धुणारे कोणीतरी आले.

१९५६ साली काठमांडूत एका राणाच्या जुन्या महालात ‘शांता भवन’ रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब काठमांडूला गेले होते आणि बुद्ध की कार्ल मार्क्स या विषयावरचे त्यांचे प्रसिद्ध भाषण तिथेच झाले. एकाच गावात, एकाच वर्षी, गरिबाच्या दुःखावर दोन निरनिराळे वैद्य बोलत होते.

दोन वह्या

आता मुख्य मुद्दा. नेपाळ सरकारने या परदेशी संस्थांशी जो करार केला, त्यात धर्मप्रचार करायचा नाही ही अट होती. दवाखाना चालवा, शाळा चालवा, पण कोणाला ख्रिस्ती करू नका. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनात तर शिक्षा ठरलेली होती. धर्म बदलणाऱ्याला एक वर्ष, बदलवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला तीन वर्षे, बदलवून दाखवणाऱ्याला सहा वर्षे. गंमत अशी की याच कायद्याने जातिभेदाला असलेली जुनी मान्यता काढून घेतली. म्हणजे कागदावर जात गेली, पण जातीच्या धर्मातून बाहेर पडायला बंदी राहिली.

मग मंडळ्या कोणी उभ्या केल्या? नेपाळी माणसांनी. पोखऱ्याच्या रामघाटावर पहिली मंडळी उभी केली ती भारतातून त्या बायकांबरोबर गेलेल्या डेव्हिड मुखिया यांनी. कालिम्पाँगहून १९५६ साली काठमांडूला गेलेल्या रॉबर्ट कार्थक यांनी ज्ञानेश्वर भागातली मंडळी वाढवली. १९६० साली तानसेनमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या-घेणाऱ्यांना अटक झाली, तुरुंगवास झाला. त्यात मुखिया होते. गोरे डॉक्टर तुरुंगात गेले नाहीत, गेले ते नेपाळी. परदेशी मिशनरी प्रार्थनेला येत, पण साध्या सभासदासारखे मागे बसत. व्यासपीठ नेपाळी माणसाचे.

कारकुनाच्या भाषेत सांगायचे, तर सेवेची वही वेगळी आणि श्रद्धेची वही वेगळी राहिली. ही काही मिशनची युक्ती नव्हती, कायद्याने भाग पाडले म्हणून झाले. पण त्यातून दोन्ही कामांचे भले झाले, असे माझे मत बनले आहे.

सेवेच्या वहीत काय जमा झाले ते पाहा. तानसेनचे रुग्णालय बांधायला ओड हॉफ्टुन हे नॉर्वेचे इंजिनिअर आले. इमारत बांधून ते परत गेले नाहीत. १९६३ साली त्यांनी बुटवलला तांत्रिक शाळा काढली. पोरांनी यंत्रावर हात चालवायचा, काम करता करता शिकायचे आणि थोडी कमाईही करायची. त्याच मुळातून वीज कंपनी निघाली, बोगदे खणणारी कंपनी निघाली. तिनाउ, आंधीखोला, झिमरुक या नद्यांवर वीज तयार झाली आणि ती उभारणारे हात नेपाळी होते. आंधीखोल्यावर १९९१ साली वीज आली, तेव्हा त्याच योजनेत कालव्याच्या पाण्याचे शेअर काढले होते. ज्याने कालव्यावर घाम गाळला त्याला पाण्याचा शेअर. जमीन नसलेला मजूरसुद्धा पाण्याचा भागीदार होऊ शकत होता. आयुष्यभर कंपन्यांचे शेअर नोंदवणारा मी माणूस, पण घामाच्या मोबदल्यात पाण्याचा शेअर ही कल्पना वाचून वही मिटून थोडा वेळ तसाच बसलो. महाडच्या तळ्याची आठवण कोणाला होणार नाही?

काठमांडूचे शांता भवनही १९८२ साली पाटण रुग्णालयात विलीन झाले आणि पुढे ते रुग्णालय नेपाळी लोकांच्या हाती गेले. म्हणजे उभे करायचे आणि सोपवून द्यायचे.

आकडे काय बोलतात?

आता तो तांदळाच्या पोत्याचा आरोप तपासू. नेपाळच्या जनगणनेत ख्रिस्ती किती, ते पाहा. १९६१ साली ४५८. १९७१ साली २,५४१. १९८१ साली ३,८९१. १९९१ साली ३१,२८०. २००१ साली १,०१,९७६. २०११ साली ३,७५,६९९. आणि २०२१ साली ५,१२,३१३, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत.

मिशनचे मोठे दवाखाने, शाळा, कारखाने जोरात चालू होते त्या तीस-पस्तीस वर्षांत ख्रिस्ती किती झाले? काही हजार. औषधाच्या बाटलीने धर्म विकत मिळत असता, तर वाढ तेव्हाच दिसली असती. तुरुंगाच्या भीतीने काहींनी तेव्हा नाव लपवले असेल, हे मान्य. पण खरी वाढ झाली ती १९९० च्या जनआंदोलनानंतर. तेव्हा कैदेतले ख्रिस्ती सुटले, माणसे उघडपणे बसू-उठू लागली. आणि ही वाढ केली नेपाळी शेतमजुरांनी, शिंप्यांनी, लोहारांनी, तामांग, मगर, चेपांग अशा आदिवासींनी. त्यात दलित मोठ्या प्रमाणावर आहेत.

का झाले हे? मी दाजूंनाच विचारले. त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो.

‘भाई, मी बारा वर्षांचा होतो. आमा बाळंतपणात अडली. बानं आणि काकानं तिला डोक्यात घातलं,’ (डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली) ‘कपाळाला पट्टा लावून तानसेनला नेलं. दवाखान्यात आमाच्या शेजारच्या खाटेवर एक बाहुनी होती. दोघींना एकच नर्स, एकच नळ. आमा वाचली. तिथं कोणी आम्हाला येशूचं काही बोललं नाही. घरी आलो तर गावचा नळ पुन्हा आम्हाला बंद. मी आमाला विचारलं, तानसेनचं पाणी वेगळं असतं का?’

‘मग तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?’

‘त्याला पुढं पंधरा वर्षं लागली. पोखऱ्याहून आलेला एक दमाई घरात शनिवारी प्रार्थना घ्यायचा. आमच्याकडं सुट्टी शनिवारी, म्हणून चर्चही शनिवारी. मी गंमत बघायला गेलो. चपला बाहेर, सगळे जमिनीवर बसलेले. नंतर जेवण. एका मगर बाईनं मला वाढलं, ते ठीक. पण पुढच्या वेळी माझ्या बायकोच्या हातचा भात ती मगर बाई जेवली. भाई, आमच्या चुलीवरचा भात! बायको रात्रभर झोपली नाही.’

वाचकहो, दवाखान्याने दाजूंच्या आईचा जीव वाचवला, तरी धर्म बदलला नाही. भाताच्या पंगतीने बदलला. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, असे कायद्यात लिहिले होते, त्याच्या हातचा भात कोणीतरी खाल्ला. तांदूळ होता खरा, पण तो पोत्यातला नव्हता, ताटातला होता.

नावेची बाजू

हिशेब एकतर्फी लिहिला तर तो हिशेब नव्हे. नावेच्या बाजूलाही नोंदी आहेत.

पहिली. १९९० नंतर बाहेरून पैसा आला आणि पंथही आले. आधी सगळे नुसते ख्रिस्ती होते, पुढे कोण कोणत्या संस्थेचा असे गट पडले. परदेशी देणगीदाराला दरवर्षी अहवाल लागतो, यंदा मंडळ्या किती रोवल्या? टार्गेटचे हे खूळ आम्ही ऑफिसात रोज बघतो. आकडा भरायचा म्हटले की माणूस मागे पडतो. इमारत परदेशी पैशाची, पगार परदेशी पैशाचा, तर पाद्री गावाला जबाबदार की देणगीदाराला?

दुसरी. पुष्कळ माणसे आजार प्रार्थनेने बरा झाला, म्हणून मंडळीत येतात. गरिबाची बाजू मी समजू शकतो. आजारी पडले की झांक्री म्हणजे मांत्रिक कोंबडा मागतो, बकरा मागतो. प्रार्थनेला खर्च नाही. कर्जात बुडालेल्या घराला तोही आधार वाटतो. पण क्षयरोगाला गोळ्याच लागतात, साथीला लसच लागते. ज्या मिशनने तानसेनला ऑपरेशन थिएटर उभारले, त्याच धर्माच्या नावाने कोणी हात ठेवून रोग पळवत असेल, तर ती मागे जाण्याची वाट आहे. मांत्रिक बदलणे म्हणजे परिवर्तन नव्हे.

तिसरी. जात मंडळीच्या दारात चपलेबरोबर निघत नाही. एका पंगतीला बसणारे लग्नाच्या वेळी आपापल्या जातीकडे वळून बघतात, हे दाजूही कबूल करतात. ‘भात झाला, सोयरीक बाकी आहे,’ ते म्हणाले. आपल्या घरात पोटजातीचा प्रश्न कितपत सुटला आहे, हे मी इथे लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्या मुलीचे स्थळ बघताना आठवावे.

चौथी आणि सर्वांत गंभीर. संकटात सापडलेल्या माणसापुढे धर्म ठेवावा का? २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला. तो शनिवार होता, दुपारच्या बाराचा सुमार. मंडळ्या भरलेल्या होत्या. पडलेल्या इमारतींखाली प्रार्थनेला बसलेली माणसेही गेली. देशात एकूण नऊ हजारांच्या आसपास मृत्यू झाले. मदतीला धावणाऱ्यांत ख्रिस्ती संस्था पुष्कळ होत्या आणि लगेच आरोपही झाले की तंबूबरोबर बायबल वाटतात. २०१६ साली दोलखा जिल्ह्यात शाळेतल्या मुलांना येशूची चित्रकथा वाटली म्हणून आठ ख्रिस्त्यांवर खटला झाला. कोर्टाने पुढे त्यांना निर्दोष सोडले. कायद्याने ते निर्दोष ठरले, हे योग्यच झाले. पण मला विचाराल तर, घर पडलेल्या लेकराच्या हातात आधी वही, पाटी, खाऊ द्यावा. धर्माचे पुस्तक त्याच्या बापाचे डोके शांत झाल्यावर, त्याने मागितले तर द्यावे. उपकाराखाली दबलेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो. हा नियम सर्व धर्मांना लागू आहे, आपल्यालाही.

कायदा कोणाच्या बाजूचा?

तरीही एक प्रश्न उरतो. २०१५ च्या नेपाळच्या राज्यघटनेने देश धर्मनिरपेक्ष ठेवला, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्यावरची बंदी तशीच ठेवली. २०१७ च्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अस्पृश्यतेविरुद्धही २०११ चा कायदा आहे. पण २०२० च्या मे महिन्यात रुकुम पश्चिम जिल्ह्यात एक दलित तरुण वरच्या जातीतल्या आपल्या प्रेयसीला आणायला गेला, तेव्हा तो आणि त्याचे पाच मित्र जमावाच्या हल्ल्यात प्राणाला मुकले. माणूस धर्म सोडतो तेव्हा राज्यकर्ते दचकतात. तो का सोडतो, हे विचारायला मात्र कोणी त्याच्या चुलीपर्यंत जात नाही.

मेल्यावरही सुटका नाही. २०११ च्या सुरुवातीला काठमांडूत पशुपती मंदिराच्या मागच्या जंगलात प्रेते पुरण्यास बंदी झाली, तेव्हा ख्रिस्ती आणि किरात लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. स्मशानाचा प्रश्न काय असतो, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगायला नको.

दाजूंचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. ते ख्रिस्ती झाले नव्हते, शेवटपर्यंत देवीलाच मानत होते. दाजू गावी पोहोचले, तर भाऊबंद म्हणाले, तू बाटलेला, तू आगीला हात लावायचा नाही. वरच्या जातीचे तर कामीच्या मयताला कधी येतच नसतात. तिरडी तशीच पडून राहिली. मग मंडळीतले लोक आले. एक मगर, दोन दमाई आणि एका बाहुनाचा मुलगा. त्यांनी लाकडे तोडून आणली, देवीच्या भक्ताला खांदा दिला आणि काली गंडकीच्या काठी नेले. तिथे त्यांनी येशूचे नाव काढले नाही. ‘म्हातारा त्याच्या श्रद्धेनं गेला पाहिजे,’ असे तो बाहुनाचा मुलगा म्हणाला.

समग्र सेवा म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या मला कोणत्याही अहवालात सापडली नाही.

परवा मी दाजूंना सरळच विचारले, ‘दाजू, राग मानू नका. धर्म बदलला तेव्हा तुम्हाला काही मिळालं? तांदूळ वगैरे?’

ते हसले. म्हणाले, ‘मिळालं कुठं, द्यावं लागतं! बायको रोज भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ बाजूला काढते. शनिवारी ते मंडळीत नेऊन ओततात. गावात कोणी आजारी असेल, विधवा असेल, तिच्या घरी जातात. मी इथं मुंबईत आहे, तरी ती काढतेच. माझ्या वाटणीची वेगळी मूठ.’

म्हणजे तांदळाचा हिशेब उलटा निघाला. पोते आले नव्हते, मूठ जात होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या सहकाऱ्यांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. डब्यातला भात मात्र त्यांनी जरा हळूहळू खाल्ला.

भगिनींनो, बंधूंनो, आपला मार्ग वेगळा आहे. ईश्वर आपण मानत नाही, प्रार्थनेने रोग बरा होतो असे आपण म्हणत नाही. पण १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितला होता. विसावा भाग म्हणजे शंभरात पाच रुपये. आपल्या घरच्या वहीत ही नोंद शेवटची कधी झाली? आपल्या वस्तीत शेवटचे मयत झाले, तेव्हा लाकडे कोणी आणली? शेजारची विधवा कोणाच्या भरवशावर आहे?

आज रात्री भात शिजत घालताना एवढे जरूर आठवा.

जयभीम.